एक सूर वाकवला की सगळी कॉर्डच वाकते, दुरुस्त केलं तरी दुसऱ्या दिवशी परत तेच

हा प्रॉब्लेम मला जवळजवळ दोन महिने छळत होता आणि आता तो कायमचा गेलाय, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, कारण अर्धवट उपाय सगळीकडे मिळतात पण तो परत का येतो हे कुणी नीट सांगत नाही.

माझ्याकडे मऊ पट्ट्यांचा कंट्रोलर (कॉम्प्युटरला जोडून वाजवायचा कीबोर्ड) आहे, म्हणजे बोट आडवं सरकवलं की सूर वाकतो, दाब वाढवला की आवाज फुलतो, बोट पट्टीवर पुढेमागे नेलं की आवाजाचा पोत बदलतो, आणि हे सगळं प्रत्येक बोटाला वेगवेगळं. निदान तसं व्हायला पाहिजे. माझ्याकडे व्हायचं काय, तर तीन सुरांची कॉर्ड धरायची, फक्त वरच्या बोटाला हलकासा कंप द्यायचा, की तिन्ही सूर एकदम थरथरायचे. कधी उलटं, बोट अख्खं सप्तकभर सरकवलं तरी सूर जेमतेम हलायचा, मींड घेतोय असं वाटायचंच नाही, वाद्य बेसूर लागल्यासारखं वाटायचं. मग सेटिंगमधे शिरून तासभर खटपट केली की ठीक व्हायचं. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी मुळात हे का होतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मं काम तिथेच होतं. मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलायची भाषा) १९८३ मधे आलं तेव्हा त्यात पिच बेंड, म्हणजे सूर वाकवणं, हा नोटेचा नाही तर चॅनलचा (एकाच जोडणीतल्या सोळा मार्गांपैकी एकाचा) गुण धरला होता. एका चॅनलवर पाच नोटा वाजत असतील आणि त्या चॅनलवर बेंडचा मेसेज आला तर पाचही नोटा वाकणार, तिथे सिंथची (आवाज तयार करणाऱ्या वाद्याची) काही चूक नाही, त्याला सांगितलंच तसं गेलंय. यावर जुना तोडगा म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा चॅनल द्यायचा, गिटार सिंथवाले सहा तारांना सहा चॅनल देऊन हेच करायचे. त्याच कल्पनेला नीट नियमात बसवून जानेवारी २०१८ मधे एमपीई, म्हणजे मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन, अधिकृत झालं. त्यात नेहमीच्या मांडणीत चॅनल १ हा मास्टर, त्यावर पेडल वगैरे सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टी जातात, आणि २ ते १६ हे पंधरा चॅनल बोटांसाठी. प्रत्येक नवीन नोट यातल्या मोकळ्या चॅनलवर जाते आणि तिच्यासोबत तिचा स्वतःचा बेंड, स्वतःचं प्रेशर आणि पुढेमागे सरकण्यासाठी सीसी ७४ (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, सूर सोडून बाकी गोष्टी बदलणारे क्रमांक दिलेले मेसेज).

म्हणजे कंट्रोलर, डॉ (DAW, कॉम्प्युटरवरचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम) आणि प्लगिन (डॉच्या आत चालणारं सॉफ्टवेअरचं वाद्य) या तिघांचं दोन गोष्टींवर एकमत पाहिजे, चॅनल वेगवेगळे ठेवायचे यावर आणि बेंडची रेंज किती, म्हणजे पूर्ण बेंडला सूर किती वाकायचा, यावर. तिघांपैकी एकाने जरी वेगळं धरलं तरी सगळं बिघडतं, आणि तिघंही आपापली सेटिंग वेगळ्या ठिकाणी लक्षात ठेवतात. सगळी मेख इथे आहे.

आता तपासायचं कसं. आवाजावर जाऊ नका, आधी डोळ्यांनी बघा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, दोन्ही फुकट आहेत. डॉ बंद ठेवा, कारण विंडोजवर बरेचसे ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पोर्ट देतात आणि मग मॉनिटर कोरा दिसला की उगाच वाटतं कंट्रोलर मेला. तीन नोटा एकदम दाबा आणि चॅनलचा कॉलम बघा. २, ३, ४ असे वेगवेगळे आकडे दिसले तर कंट्रोलर बरोबर आहे, त्याला आता हात लावू नका. तिन्ही नोटा १ वरच दिसल्या तर कंट्रोलर साध्या मोडमधे आहे, मग कॉम्प्युटरवर कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही, कंट्रोलरच्या स्वतःच्या अॅपमधे किंवा बटणांवरून एमपीई मोड चालू करा आणि तो प्रीसेट (सेव्ह केलेली सेटिंग) कंट्रोलरमधेच सेव्ह करा. कित्येक कंट्रोलर बंद करून चालू केले की पहिल्या प्रीसेटवर जातात, म्हणून पहिल्याच जागी एमपीईचा प्रीसेट ठेवा.

इथे एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. काही साध्या कीबोर्डांना पॉली आफ्टरटच असतो, म्हणजे प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा कळतो, पण सगळं एकाच चॅनलवर जातं आणि बेंड मात्र सगळ्यांना मिळून एकच. ते एमपीई नाही. अशा कीबोर्डवर एकच सूर वाकवायचा हट्ट धरलात तर तो पुरा होणारच नाही, सेटिंग शोधत बसू नका. आणि एमपीईच्या कंट्रोलरवर पेडलचा सीसी ६४ चॅनल १ वर दिसला तर दचकू नका, तो तिथेच असायला हवा.

कंट्रोलर बरोबर निघाला की मग डॉ. इथे सगळ्यात जास्त वेळा चूक सापडते ती ट्रॅकच्या इनपुटमधे. ट्रॅकचं इनपुट "सगळे चॅनल" असं पाहिजे, कुठेतरी "चॅनल १" निवडलेलं असतं आणि मग एक तर नोटा गायब होतात किंवा काही डॉ सगळ्या नोटा उचलून एकाच चॅनलवर आणून टाकतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण नोटा वाजतात, रेकॉर्डही होतात, पण कुठला बेंड कुठल्या नोटेचा ही माहिती त्या क्षणी पुसली जाते आणि नंतर काहीही केलं तरी परत येत नाही. माझे दोन चांगले टेक असे गेलेत. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी दहा सेकंदांचा टेक करून तो उघडून बघायची सवय लावून घ्या.

कुठल्या डॉमधे काय दाबायचं ते थोडक्यात. एबलटन लाइव्हमधे आवृत्ती ११ पासून एमपीई आहे, सेटिंग्जमधल्या (जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेस) मिडीच्या पानावर तुमच्या इनपुटसमोर एमपीईची खूण करायची आणि बाहेरचा प्लगिन असेल तर त्याच्या टायटल बारवर राइट क्लिक करून त्याचा एमपीई मोड वेगळा चालू करायचा, हे दुसरं पाऊल बहुतेक जण विसरतात. लाइव्हमधे चॅनलचे आकडे शोधू नका, तिथे क्लिपमधल्या एक्स्प्रेशनच्या टॅबवर प्रत्येक नोटेची वेगळी रेघ दिसते, ती दिसली की झालं. लॉजिकमधे त्याच्या स्वतःच्या वाद्यांच्या सेटिंगमधे मिडी मोनो मोड नावाने हे लपलंय, नाव फसवं आहे, मोनो म्हणजे एका वेळी एक सूर असं नाही तर एका चॅनलवर एक सूर, आणि तिथेच खाली मोनो मोडची पिच रेंज असते. बिटविगमधे कंट्रोलर आणि प्लगिन दोन्हीकडे बघा. रीपरमधे ट्रॅकचं इनपुट सगळ्या चॅनलवर ठेवलं की तो जे येतं ते तसंच पुढे पाठवतो, मला याच कारणासाठी तपासणीला रीपर आवडतो. प्लगिनमधे म्हणाल तर सर्ज एक्सटीमधे एमपीईचं बटण मुख्य खिडकीतच आहे, व्हायटलमधे ते अॅडव्हान्स्डच्या टॅबमधे आहे.

इथवर केलंत की "सगळी कॉर्ड वाकते" हे बंद होईल. आता उरतं ते "वाकतं पण चुकीचं वाकतं", आणि इथे मी सगळ्यात जास्त अडकलो होतो.

पिच बेंडचा मेसेज सेमिटोनमधे (सप्तकातल्या बारा सुरांपैकी शेजारच्या दोघांमधलं अंतर) बोलतच नाही. तो फक्त ० ते १६३८३ मधला एक आकडा पाठवतो, ८१९२ म्हणजे मधोमध, सूर आहे तिथे. हा आकडा म्हणजे किती सेमिटोन हे ज्याने त्याने आपल्या रेंजवरून ठरवायचं. एमपीईमधे बोटांच्या चॅनलची ठरलेली रेंज आहे वरखाली ४८ सेमिटोन, म्हणजे दोन्ही बाजूला चार-चार सप्तकं, तर साध्या सिंथची पूर्वापार सवय वरखाली २ ची. आता बोट दोन सेमिटोन सरकवलं, सा वरून रे वर नेलं, तर ४८ च्या हिशोबाने कंट्रोलर पाठवतो ८१९२ अधिक ३४१, म्हणजे ८५३३. मॉनिटरवर मी हेच धरून बघितलं, बोट सावकाश सरकवत गेलो आणि आकडा ८५३३ च्या आसपास आला तेव्हा बोट बरोबर रे वर होतं. हाच ८५३३ जर २ च्या रेंजवाल्या सिंथला मिळाला तर तो त्याचे करतो जेमतेम ८ सेंट. १०० सेंटचा एक सेमिटोन होतो, तेव्हा ८ सेंट म्हणजे सूर किंचित चढा लागल्यासारखा वाटतो, बस. "वाद्य बेसूर लागलंय" असं मला वाटायचं त्याचं कारण हे होतं, ट्युनिंगशी त्याचा काही संबंधच नव्हता.

उलटं झालं, कंट्रोलर २ वर आणि सिंथ ४८ वर, तर एक सेमिटोनच्या सरकण्याला सूर दोन सप्तकं वर उडतो. हे एकदा झालं की हेडफोनमधे फार जोरात लागतं, म्हणून तपासताना आवाज कमी ठेवा.

कुठे काय रेंज आहे हे प्लगिनच्या मेनूत शोधण्यापेक्षा कानाने ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि ती मी आता दरवेळी वापरतो. कंट्रोलर ४८ वर आहे याची खात्री करा, एक नोट धरा, बोट बरोब्बर एक सप्तक वर सरकवा आणि ऐका सूर कुठे थांबला. बरोबर वरच्या सप्तकात थांबला तर रेंज जुळलीय. सहा सेमिटोन चढून थांबला, म्हणजे सा वरून तीव्र म वर, तर सिंथ २४ वर आहे. तीनच चढला, कोमल ग वर, तर १२ वर. धड अर्धा सेमिटोनसुद्धा नीट वाटत नाही तर २ वर. आणि एकाऐवजी दोन सप्तकं चढला तर सिंथ ९६ वर आहे. काही प्लगिन २४ च्या वर जातच नाहीत, तेव्हा उलट कंट्रोलरला २४ वर आणा, तिथे ४८ च पाहिजे असा आग्रह धरू नका. दोघांचा आकडा एक पाहिजे, एवढंच.

आता मुख्य गोष्ट, हे सगळं जुळवलं तरी दुसऱ्या दिवशी का बिघडतं.

मला आधी वाटायचं की प्लगिन सेटिंग विसरतो किंवा प्रोजेक्ट नीट सेव्ह होत नाही. तसं नव्हतं. एके दिवशी सहज मिडीचा मॉनिटर चालू ठेवून मी केबल लावली, आणि एकही पट्टी दाबलेली नसताना स्क्रीनवर काही ओळी आल्या. चॅनल १ वर सीसी १०१ ला ०, सीसी १०० ला ६, सीसी ६ ला १५. नंतर अजून एक झुबका, सीसी १०१ ला ०, सीसी १०० ला ०, सीसी ६ ला ४८. मग शांत. पहिल्या ओळींचा अर्थ "मी एमपीईमधे आहे, पंधरा चॅनल बोटांसाठी धरा", दुसऱ्यांचा अर्थ "बेंडची रेंज ४८ धरा". कंट्रोलर स्वतःहून सगळं सांगत होता, पण सांगत होता फक्त एकदा, जोडल्या जोडल्या. मी रोज काय करायचो, आधी कंट्रोलर लावायचो, मग डॉ उघडायचो, मग प्रोजेक्ट लोड व्हायला अर्धा मिनिट. प्लगिन जागा होईपर्यंत तो निरोप कधीच येऊन गेलेला असायचा, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून प्लगिन आपल्या सवयीप्रमाणे २ धरून बसायचा. ज्या दिवशी चुकून प्रोजेक्ट आधी उघडला आणि केबल नंतर लावली त्या दिवशी सगळं आपोआप ठीक चालायचं. हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम तीन दिवस उलटसुलट करून बघितलं, दरवेळी तेच.

म्हणून उपाय असा की त्या निरोपावर विसंबायचंच नाही. केबल नंतर लावायची ही युक्ती चालते पण कच्ची आहे, कारण काही डॉ नंतर जोडलेलं डिव्हाइस ओळखत नाहीत आणि काही तो निरोप ट्रॅकपर्यंत पोचूच देत नाहीत. त्यापेक्षा प्लगिन एकदा उघडा, कोरा पॅच (प्लगिनमधला सेव्ह करता येणारा आवाज) घ्या, एमपीई चालू करा, रेंज हाताने ४८ लिहा, आणि तो पॅच डिफॉल्ट म्हणून सेव्ह करा. नंतर डॉमधे तोच प्लगिन असलेला ट्रॅक, इनपुट सगळ्या चॅनलवर, असा टेम्प्लेट म्हणून ठेवा. नवीन प्रोजेक्ट नेहमी त्यातूनच सुरू करा.

यातही एक छुपी गोम आहे, काही प्लगिन बेंडची रेंज पॅचच्या आत ठेवतात, तर काही संपूर्ण प्लगिनसाठी एकच ठेवतात. पहिल्या प्रकारात तुम्ही नुसता आवाज बदलायला पुढचा प्रीसेट निवडलात की रेंज गुपचूप २ होते, कारण तो प्रीसेट बनवणाऱ्याने साध्या कीबोर्डवर बनवलाय. तुमचा प्लगिन कुठल्या प्रकारचा ते कळायला मघाची सप्तकाची चाचणी दोन वेगळ्या प्रीसेटवर करा. पहिल्या प्रकारचा निघाला तर आवडते प्रीसेट एकदा बसून दुरुस्त करून आपल्या नावाने सेव्ह करा, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचंय.

एवढ्याने माझा रोजचा त्रास संपला. पण याच्याच आजूबाजूचे अजून काही त्रास आहेत जे लोक याच्यात मिसळतात, तेही सांगतो.

वाजवताना ठीक आणि रेकॉर्डिंग ऐकताना मधेच एखादा सूर बेसूर लागतो, विशेषतः क्लिप कापलेली असेल तर. कारण त्या चॅनलवर आधीच्या नोटेचा बेंड तसाच राहिलाय आणि तो परत ८१९२ वर आणणारा मेसेज तुमच्या कात्रीच्या पलीकडे गेलाय. कापताना नोटेच्या किंचित आधी कापा, कारण नोट सुरू होण्याआधी तिचा बेंड पाठवला जातो. डॉमधे जुन्या कंट्रोलर व्हॅल्यू शोधून लावायचा पर्याय असतो, त्याला बहुतेक ठिकाणी चेस म्हणतात, तो चालू ठेवा. क्वांटाइझचंही (नोटा आपोआप तालात बसवण्याचंही) तसंच, काही डॉ नोटा सरकवतात पण त्यांचा बेंड आणि प्रेशर जागच्या जागी सोडतात, मग प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक झटका ऐकू येतो. अशा ठिकाणी मी क्वांटाइझ करतच नाही, परत वाजवतो.

दुसरं, सूर सोडला, त्याची शेपटी हवेत आहे, आणि नवीन सूर लावला की ती शेपटीच वाकते. ते चॅनल कमी पडल्यामुळे. कंट्रोलरमधे बोटांसाठी चारपाचच चॅनल दिले असतील तर नवीन नोट लगेच जुन्याच्या चॅनलवर येऊन बसते. पंधराच्या पंधरा द्या, आणि चॅनल आळीपाळीने वापरायचा पर्याय असेल तर तो घ्या. लांब रिलीजच्या पॅडला, म्हणजे सूर सोडल्यावर हळूहळू विरणाऱ्या आवाजाला, फरक लगेच कळतो.

तिसरं, आवाजच येत नाही किंवा फार बारीक येतो. ऑर्केस्ट्राची सॅम्पल वाद्यं (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेली) बऱ्याचदा जोर सीसी १ वरून घेतात आणि एकूण आवाज सीसी ११ वरून, तुमच्या कंट्रोलरला मॉड व्हीलच (सीसी १ पाठवणारं चाक) नसेल तर ते ० वरच राहतं आणि वाद्य मुकं. कंट्रोलरचं प्रेशर किंवा एखादं पेडल सीसी १ ला जोडा. ही वाद्यं बहुधा एमपीई समजतही नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी कंट्रोलरवर साधा एका चॅनलचा वेगळा प्रीसेट ठेवा, फुंकेचा कंट्रोलर असेल तर तो सहसा सीसी २ पाठवतो, तोही तसाच वळवून घ्या.

आणि शेवटचं, जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलवरून एमपीई पाठवत असाल आणि दाट वाजवलं की सूर उशिरा किंवा अडखळत येत असतील तर सेटिंगमधे चूक शोधू नका. ती केबल सेकंदाला ३१२५० बिट नेते, तीन बाइटच्या एका मेसेजला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला साधारण हजार मेसेज. चार बोटं, प्रत्येकाचे बेंड, प्रेशर आणि सीसी ७४ असे तीन प्रवाह, प्रत्येक प्रवाह सेकंदाला शंभर वेळा धरला तरी बाराशे होतात, प्रेशरचा मेसेज दोनच बाइटचा धरला तरी केबल गच्च भरते. यूएसबी वापरा. हार्डवेअर सिंथ असल्यामुळे तीच केबल वापरणं भाग असेल तर कंट्रोलरमधे मेसेज विरळ करायचं सेटिंग शोधा, नाहीतर सीसी ७४ बंद करून बघा. बेंडला मात्र हात लावू नका, तो विरळ झाला की मींडेच्या पायऱ्या ऐकू येतात.

कुणाला हे सगळं करूनही अडत असेल तर प्रश्न विचारताना तीन गोष्टी लिहा, तीन नोटांच्या वेळी मॉनिटरवर दिसलेले चॅनल, सप्तकाच्या चाचणीत सूर कुठे थांबला, आणि केबल आधी लावली की प्रोजेक्ट आधी उघडला.